विहारातला कालचा पेपर

मायचा फोन आला, "जुना विहार पाडून राहिले. नवा स्लॅबचा होणार हाय. तुला एकदा पाहायचा असंन तर ये." मी विचारलं, आबा काय म्हणतात? तर म्हणाली, "त्यांना काय इचारते पोरी? उद्याचं ते कुठं बोलतात."

खरंच आहे. आमचे आबा, माझे वडील, उद्याबद्दल काही बोलत नाहीत. पाऊस येईल का विचारलं तर आभाळाकडे बघतात आणि तंबाखू मळत बसतात. पाहुणे कधी निघणार, बस किती वाजता येणार, हळदीला यंदा काय भाव फुटणार, यातल्या कशाचंच उत्तर त्यांच्याकडून मिळत नाही. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल. याच माणसाला एके काळी अख्खी वस्ती जगाचं काय होणार ते विचारायची, असं सांगितलं तर लोक माझ्याकडे बघून हसतील.

वसमतहून बसनं निघाले. कुरुंद्याचा फाटा यायच्या आधीच शिजवलेल्या हळदीचा वास खिडकीतून आत आला. ओल्या मातीचा, थोडा कच्चा, घशाला झोंबणारा वास. बाहेर शेताशेतांत कढयांखाली पाचोळा पेटलेला, वाफ आडवी पसरलेली. शेजारची बाई लेकराला म्हणाली, "बघ रे, हळद आली." इतरांना तो वास सुगीचा वाटतो. मला तो आला की पहिला प्रश्न मनात येतो, आज पेपरात काय आलंय? मी शाळेत विज्ञान शिकवते. वासाचा आणि पेपराचा काही संबंध नसतो हे मला कळतं. पण नाकाला कोण सांगणार.

विहार रस्त्याच्या कडेलाच. कमरेइतक्या काळ्या दगडाच्या भिंती, त्यावर विटा, वर पत्रे. पत्र्यांना खिळ्यांची भोकं पडलेली, त्यातून दुपारी उन्हाच्या चवल्या जमिनीवर सांडायच्या आणि आम्ही पोरं त्या तळहातावर झेलायचो. आता सतरंज्या गुंडाळून ठेवल्या होत्या. मूर्ती समाजातल्या एका घरी हलवली होती, तिच्या जागी भिंतीवर धूर न लागलेला स्वच्छ आकार तेवढा राहिला होता. कोपऱ्यात ते मेज होतं. बसून वाचायचं, उतरत्या फळीचं, सागवानी. फळीच्या वरच्या काठावर मेणबत्त्यांचं मेण वर्षानुवर्षं ओघळून दगडासारखं घट्ट झालेलं. मी नखानं खरवडून पाहिलं. आतलं मेण अजून पांढरंच होतं.

ते मेज पेपरासाठी केलेलं नव्हतं. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायची पद्धत, त्यासाठी वस्तीनं वर्गणी काढून ते करून घेतलेलं. आषाढ पौर्णिमेला ग्रंथ उघडायचा, अश्विन पौर्णिमेला त्याची सांगता व्हायची, खीर व्हायची. पण तीन महिने रोज येऊन बसायची सवय लागलेली माणसं चौथ्या महिन्यात घरी बसून काय करणार? संध्याकाळ झाली की पाय आपोआप विहाराकडे वळायचे. मग कधीतरी, माझ्या जन्माच्या आधी, सोपान गुरुजींनी मेजावर पेपर ठेवला. गुरुजी आमच्या वस्तीतले पहिले मास्तर, आवाज खणखणीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ग्रंथ वाचायचे त्याच सुरात ते पेपर वाचायचे. त्यामुळे कुठल्याशा दूरच्या देशातलं सरकार पडलं तरी ऐकणाऱ्या म्हाताऱ्या चुकून हात जोडायच्या.

पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं यायचा. म्हणजे विहारात बसून आम्ही जे ऐकायचो ते कालचं जग असायचं. लहानपणी मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची. गुरुजी वाचायचे की अमक्या देशानं तमक्या देशाला मुदत दिलीय, आणि मोठी माणसं त्यावर वाद घालत बसायची. माझ्या मनात यायचं, की मुदत तर काल दिली. मग आतापर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असेल आणि आपल्याला माहीतच नाही. मी दाराबाहेरच्या अंधाराकडे बघायचे. बसस्टँडवरचा दिवा जळत असला की जीव थोडा खाली यायचा.

वंदना व्हायची, पंचशील व्हायचं. कुणाचा जीव घेणार नाही, असं सगळे मिळून एका सुरात म्हणायचे, आणि लगेच पेपर उघडून कोण कुणाचा जीव घेणार याची चर्चा सुरू व्हायची. डावीकडे बाया आणि लेकरं, उजवीकडे पुरुष. गुरुजी आधी जगाचं पान वाचत. मुंबईच्या मंत्र्यांत कुणाला रस नव्हता. जग मात्र सगळ्यांना हवं असायचं. ज्यांनी परभणीच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं ती माणसं वाळवंटातल्या देशांबद्दल असं बोलायची की जणू बांधाला बांध लागून आहे. कुणाचं पाणी कुणी अडवलं, कुणी कुणाची खूण सरकवली, मोठा भाऊ कुणाच्या बाजूनं. आणि हे सगळं थांबवायची एकच रीत होती. कुणीही सरणत्तय सुरू केलं, ती शेवटची गाथा, की वाद कितीही रंगात आलेला असो, सगळ्यांनी हात जोडून सुरात सूर मिळवायचा. ते संपलं की पुन्हा तोंड उघडायचं नाही. चपला शोधायच्या आणि घरी जायचं.

आबा उजवीकडे, खांबाला टेकून. त्यांची स्वतःची जमीन थोडी. हळदीच्या दिवसांत ते मोठी कढई घेऊन या शेतातून त्या शेतात लोकांची हळद शिजवून द्यायचे. ते सगळे दिवस त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे आणि आवाज वाफेनं बसलेला. बसलेल्या आवाजात ते बोलायला लागले की माणसं पुढे सरकून ऐकायची. बोलायची हौस भारी. घरी माय म्हणायची, यांना कढईपेक्षा विहारातच जास्त वाफ सुटते.

मी चौथीत असताना तेलाच्या देशांत लढाई पेटली. पेटायच्या आधी आबा विहारात म्हणाले होते की आपली हळद शिजून व्हायच्या आत तिकडं सुरू होणार. दोन भाऊ बांधावर येऊन भांडायचेसुद्धा बंद झाले की समजायचं, असं काहीतरी त्यांचं गणित होतं. तसंच झालं. मग गुरुजींनी वाचलं की तेलाच्या विहिरी जळताहेत, धूर आभाळात चढलाय, वाऱ्यानं कुठवर जाईल सांगता येत नाही, काळा पाऊसही पडू शकतो. त्या दिवसांत आमच्या अंगणात हळद वाळत घातलेली असायची. मी शाळेतून आले की दप्तर न काढता हळदीपाशी उकिडवी बसायचे आणि एकेक हळकुंड उलटून बघायचे, कुठं काळा ठिपका पडलाय का. पडलेला असायचाच. हळदीवर ठिपके असतातच. मायला दाखवलं की ती म्हणायची, "पक्षी बसले असतीन." पण रॉकेलचा डबा तिनंही भरून माळ्यावर चढवून ठेवला होता, आणि त्याच्या वासानं माळ्यावरची भाकरीची टोपलीसुद्धा वास मारायची. त्या हिवाळ्यात आम्ही रॉकेलच्या वासाच्या भाकरी खाल्ल्या.

मग तो सगळ्यात मोठा देश फुटला. विहाराच्या भिंतीवर शाळेतून टाकून दिलेला नकाशा लावलेला होता आणि त्यात तो देश गुलाबी रंगात अर्धी भिंत व्यापून बसलेला. आबांनी त्याचंही आधीच सांगितलं होतं म्हणे. गुरुजींना प्रश्न पडला की आता नकाशाचं करायचं काय. नवा कुठून आणणार? शेवटी तो तसाच राहिला आणि आम्ही पोरं कितीतरी वर्षं नसलेल्या देशाकडे तोंड करून वंदना म्हणत राहिलो.

आबांचे चुकलेले अंदाजही पुष्कळ होते. मी दहावी व्हायच्या आत तिसरं महायुद्ध होणार, हेही त्यांनी छातीठोक सांगितलं होतं, आणि मी त्या भीतीत दहावीचा अभ्यास केला. पण चुकलेलं कुणी लक्षात ठेवत नाही. आणि मग ती बुद्धपौर्णिमा आली. भर उन्हाळा, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पातेल्यात खीर. संध्याकाळी कुणीतरी कानाला रेडिओ लावून धावत आलं की आपल्या देशानं वाळवंटात बॉम्बची चाचणी केली. आजच, पौर्णिमेच्या दिवशी. काही पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मायच्या हातात खिरीचा डाव तसाच राहिला, खीर वाढावी का थांबावं तिला कळेना. आबा म्हणाले, "आता शेजारचाबी करीन. महिना जाऊ देणार न्हाई." शेजाऱ्यानं महिना जाऊ दिला नाही. त्यानंतर आबांची ख्याती पार शिरड शहापूरपर्यंत, म्हणजे मायच्या माहेरापर्यंत गेली. बाजारात भाव विचारावा तसं लोक त्यांना थांबवून जगाचं विचारायचे. आबा आधी थोडे आढेवेढे घ्यायचे, पण मिशीत हसायचे.

मिलिंददादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. डोंगरावरची ती लढाई झाली त्या वर्षी तो पहाटे कालव्याच्या कडेनं पळायला लागला. परत यायचा तेव्हा त्याच्या बनियनला घामाचा आणि कालव्याच्या शेवाळाचा वास यायचा, आणि माय चुलीपुढून म्हणायची, मला शिवू नको, भाकर थापून राहिले. भरती झाली, निवड झाली. वस्तीनं त्याला विहारात हार घातला. मायनं हार दोन दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

त्यानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात दोन्हीकडची सैन्यं सीमेवर येऊन उभी राहिली. काहून, कशासाठी, ते पेपरात होतं. मला आता त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की गुरुजी वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, कारण दादा तिथंच होता, वाळवंटात कुठंतरी. वाचून झाल्यावर एक जण नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "केरबाभाऊ, काय वाटते? होईन का लढाई?" सगळी डोकी खांबाकडे वळली. आबा ताठ बसले, घसा खाकरला. आणि डाव्या बाजूनं बारीक, थोड्या चिरक्या आवाजात सरणत्तय सुरू झालं. माय होती. तोपर्यंत तिनं कधी पुढं होऊन गाथा म्हटली नव्हती. लोक गोंधळले, पण रीत ती रीत. सगळ्यांनी हात जोडले. आबांनाही जोडावे लागले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. प्रश्न आबांकडे वळला रे वळला की मायचा आवाज यायचा. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी विचारणं सोडलं.

आमच्या घरानं देव्हारा केव्हाच सोडला होता. कढईत हळद घालायच्या आधी लोक नारळ फोडायचे, लिंबू बांधायचे. आबा ते लिंबू काढून सरबत करा म्हणायचे. मायनं कधी उपास धरला नाही, गंडा बांधला नाही, मला दृष्ट लागली म्हणणाऱ्या बाईला तिनं दारातून परत पाठवलं होतं. त्याच घरात आता आम्ही आबांच्या जिभेला भ्यायला लागलो. मी तेव्हा वसमतच्या कॉलेजात होते, अंगात विज्ञान नवं नवं भिनलेलं. मी तिला सुनावलं की ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, माणसाच्या बोलण्यानं लढाया होत नसतात. माय म्हणाली, "मला माहीत हाय. तरीबी नको त्यांच्या तोंडून यायला."

दादाचा फोन वाण्याच्या दुकानातल्या एसटीडीवर यायचा, रविवारी, लागला तर. दुकानात गुळाचा, पेंडीचा, गोणपाटाचा वास. वाणी पोराला पाठवायचा आणि माय हातातलं टाकून पळायची. फोनमध्ये आधी समुद्रासारखा आवाज, मग दादा. एकदा तो म्हणाला, "इथं शेतात सुरुंग पेरून राहिलो माय. लोकांचा उभा गहू हाय." मायला ते नीट कळलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी तिनं आबांना विचारलं की शेतात असलं कोण पेरतं, आणि पेरलं तर मग ते काढणार कोण. आबा हसले. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "ज्यानं पेरलं त्यालाच काढावं लागंन की. आपली हळद काय दुसरा काढते?" माय पण हसली. घरातलं बोलणं होतं ते. तिथं तिनं काही गाथा सुरू केली नाही.

उन्हाळा आला आणि फोन बंद झाले. त्या उन्हाळ्यातली भीती वेगळी होती. आधी लोक जगाबद्दल बोलताना चेष्टा करायचे, तंबाखू मागायचे, मध्येच बैलाचं काही निघायचं. आता विहार गच्च भरायचा आणि कुणी हसायचं नाही. पत्रे दिवसभर तापलेले, मेणबत्त्या जळण्याआधीच वाकायच्या. गुरुजींनी वाचलं की बॉम्ब पडलाच तर वारा विष कुठवर नेईल. मग बसल्या बसल्या हिशेब सुरू झाला. मुंबईवर पडला तर? इकडं यायला किती वेळ? एका म्हातारीनं विचारलं, रांजण झाकून ठेवले तर चालतीन का. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, वस्तीतले सगळे रांजण झाकलेले होते, काहींवर तर दगड ठेवलेले. मीही आमच्या रांजणावर परात ठेवली, विज्ञान शिकून.

माय रोज रविवार असल्यासारखी दुकानाकडे कान लावून असायची. रात्री तिला झोप लागत नसे. तिच्या बांगड्या अंधारात वाजत राहायच्या. आणि एका संध्याकाळी गुरुजींनी पेपराची घडी घातली, तेव्हा तीच आधी बोलली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुरुषांच्या बाजूला तोंड करून, भर विहारात, आबांना म्हणाली,

"तुमी सांगा. होईन का न्हाई, एकदाचं सांगून टाका."

आबा खांब सोडून पुढं वाकले. त्यांच्या हातांना हळद नव्हती तरी ते हात चोळत होते. मला वाटलं ते गाथा सुरू करतील. पण ते म्हणाले, "लढाई होणार न्हाई."

एवढंच. नेहमीसारखं कारण दिलं नाही, दोन भाऊ नाही, बांध नाही. मायनं डोळे मिटले. त्या रात्री वस्तीत कितीतरी घरांतून लोकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, भांडी घासल्याचा, लेकरं ओरडल्याचा. बऱ्याच दिवसांनी ते आवाज आले होते.

आणि लढाई झाली नाही. वर्षावास सुरू झाला, गुरुजींनी पेपर बाजूला ठेवून ग्रंथ उघडला. अश्विन पौर्णिमेची खीर झाली त्याच सुमारास पेपरात आलं की सैन्यं मागे फिरणार. लोकांनी आबांना उचलूनच घ्यायचं बाकी ठेवलं. कुणी म्हणालं, आता इलेक्शनचं सांगा. आबा लाजले, खीर दोनदा मागून घेतली. मायनं दादाची खोली सारवली, दार दोन दिवस उघडं ठेवून वाळू दिली. ओल्या शेणाचा तो वास घरभर होता. मला त्या आठवड्याइतकं हलकं पुन्हा कधी वाटलेलं नाही.

पुढच्या हळदीत फोन आला. आबा कढईवर होते. मी शेतापर्यंत धावत गेले. वाफेत त्यांचं तोंड दिसत नव्हतं, नुसते पिवळे हात दिसत होते, आणि मला वाफेलाच सांगावं लागलं की दादा जिवंत आहे. मी तेच आधी सांगितलं. मग पायाचं सांगितलं. मग सुरुंगाचं. पेरलेले सुरुंग शेतांतून काढायचं काम चाललं होतं. लढाई नव्हतीच. आबांनी कढईखालचा जाळ ओढून बाहेर काढला, त्यावर पाणी ओतलं, मग माझ्यासोबत चालायला लागले.

पुण्याच्या दवाखान्यात माय दादाजवळ बसलेली असायची आणि आबा बाहेर व्हरांड्यात. फिनाईलचा वास, पॉलिश केलेल्या बुटांचा आवाज. एका दुपारी मी त्यांना चहा नेऊन दिला. कप तसाच धरून ते म्हणाले, "विहारात सा-सा महिने जीभ धरून बसलो. आन् घरात, भाकर खाता खाता..." मला चुलीपाशी झालेलं ते बोलणं आठवलं. मी म्हणाले, आबा, तुमच्या बोलण्यानं काही झालेलं नाही. सुरुंग कुणालातरी काढावेच लागणार होते. ते म्हणाले, "व्हय." ते व्हय कसलं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून ते उद्याचं बोलत नाहीत. विहारात येतात, खांबाला टेकून बसतात, ऐकतात. आणि मायनं त्यांना एका शब्दानं कधी बोल लावला नाही. तिला ते बोलणं आठवतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

काल जुन्या विहारातली शेवटची संध्याकाळ होती. मूर्ती नव्हती, तरी माणसं आली. दादा प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्याला खाली बसता येत नाही, त्यामुळे सतरंजीवरच्या सगळ्यांपेक्षा तो उंच दिसतो आणि त्याचा त्याला संकोच वाटतो. खुर्ची तो नेहमी भिंतीत जितकी सरकवता येईल तितकी सरकवतो. गुरुजी गेले. आता त्यांची नात वाचते, तितकाच खणखणीत आवाज. पेपर हल्ली त्याच दिवशी सकाळी येतो आणि तोवर घराघरांतल्या टीव्हींनी सगळं सांगून झालेलं असतं. या हिवाळ्यात टीव्हीवर पुन्हा तेच सुरू आहे. मुंबईत झालं ते झालं, आता सैन्य हलवणार, आता ठोकणार, लाल अक्षरं आणि ढोल. शाळेत माझ्या वर्गातली मुलं बाकं वाजवून म्हणतात, मॅडम, एकदाचं होऊनच जाऊ द्या. मी फळ्याकडे तोंड करते.

वाचून झालं. गुरुजींच्या नातीनं घडी घातली. पुढे बसलेल्या एका तरण्या पोरानं मान वर करून विचारलं, "मिलिंददादा, तुमी तर तिकडं होते. काय वाटते, होईन का लढाई?"

त्यानं विचारलं दादाला. पण म्हाताऱ्या माणसांची डोकी जुन्या सवयीनं खांबाकडे वळली. आबा जमिनीकडे बघत होते, हात मांडीवर, बोटं पिवळी. मायनं माझं मनगट धरलं. तिचे ओठ हललेले मला दिसले, पण साठी उलटलेल्या बाईचा दम, आवाज फुटेना. मला वाटलं आता मीच सुरू करावं, आणि मला पहिला शब्दच आठवेना.

तेवढ्यात खुर्चीवरून सरणत्तय सुरू झालं. दादाचा आवाज, कवायतीत कमावलेला, जाड, सुरात नसलेला. त्यानं डोळे मिटले होते. त्या पोराचा प्रश्न तसाच हवेत राहिला आणि रीत ती रीत, सगळ्यांनी हात जोडले. आबांनीही जोडले. वरचे पत्रे आवाजानं थोडे थरथरले.

माय माझ्याकडे बघत राहिली. ती रोज संध्याकाळी हेच करायची तेव्हा तो वाळवंटात होता. आम्ही त्याला हे कधी सांगितलं नव्हतं, तिनंही नाही, मीही नाही, आबा तर नाहीच. तिनं माझं मनगट सोडलं आणि हात जोडले.